गौरीच्या साखरपुड्यासाठी मी केस रंगवले

मी अडतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि माझ्या घरातल्या एकाही डब्यावर लेबल नव्हतं.

माझ्या बायकोला, शुभाला, लेबलं मंजूरच नव्हती. "मला कळतं ना कशात काय आहे!" असं म्हणून ती डोळे मिटून मांडणीवरचा जिऱ्याचा डबा काढून दाखवायची. एकदा ती माहेरी गेलेली असताना मी मसाल्यांची विषयवार मांडणी केली. परत आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (तिसऱ्या दिवशी बोलली. आधीचे दोन दिवस बरे होते.)

मागच्या कार्तिकात ती गेली. कोणत्या डब्यात काय आहे, हे सांगायचं राहून गेलं.

माझे केससुद्धा तीच रंगवायची. दर महिन्याला लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजायची आणि शनिवार-रविवार मी डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत, गळ्याभोवती तिची जुनी ओढणी गुंडाळून, स्टुलावर वाचत बसायचो. शनिवारी रात्री तीच ओढणी डोक्याला बांधलेली असायची. मागे काय चाललंय, हे वीस वर्षांत मी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. ती गेल्यावर वर्षभर डोक्याला काही लावलंच नाही. लावावंसं वाटलं नाही.

मग लेकीचा फोन आला. गौरी नोकरीसाठी घोडबंदर रोडला राहते.

"बाबा, रविवारी साखरपुडा आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मला एकच पाहिजे. तुम्ही आई असतानासारखे दिसा. फोटोत तरी! तिकडच्यांनी तुम्हाला आई गेल्यानंतरच पाहिलंय."

"मग आता कसा दिसतो मी?"

"लायब्ररीतून रद्दीत काढलेल्या पुस्तकासारखे!"

मी तिला शब्द दिला.

शुक्रवारी कढईत भिजवलेली मेंदी थापली, तीन तास वाचत बसलो, डोकं धुतलं आणि आरशात पाहिलं. आरशात एक संत्रं होतं. चष्मा लावलेलं.

तेवढ्यात शेजारच्या कुलकर्णीवहिनी दारात आल्या.

"अगंबाई! भाऊजी, हे काय केलंत?"

"मेंदी लावली."

"आणि दुसऱ्या दिवशीचं?"

"दुसऱ्या दिवशी काय असतं?"

"अहो, दुसऱ्या दिवशी शुभाताई इंडिगो लावायच्या! हिरवी पूड असते. मेंदीवर ती लावली की मग केस काळे होतात. वीस वर्षं तुम्ही लागोपाठ दोन दिवस बसत होतात, तुम्हाला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, पुस्तक मोठं आहे."

वहिनींनी कपाळावर हात मारला. त्या बहिणीकडे विठ्ठलवाडीला निघाल्या होत्या, म्हणून जिना उतरता उतरता त्यांनी उरलेलं सांगितलं. "स्वयंपाकघरातच कुठेतरी असेल! कोमट पाण्यात कालवा! आधी वास घेऊन बघा, ओल्या गवतासारखा येतो! आणि तोंडाला ग्लिसरीन-गुलाबपाणी लावा, गालांची सालं निघालीत!"

दुकानात जाऊन नवी पूड आणता आली असती. पण त्या डोक्यानिशी रस्त्यावर जायचं कसं?

शनिवारी मी अकरा डबे उघडले. बाराव्या बरणीत, अगदी मागे, हिरवी पूड! वास घेतला. काहीच आला नाही. (थंडीने माझं नाक आठवडाभर चोंदलेलं होतं. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.) वास नाही म्हणजे शुद्ध माल, असं ठरवून मी अख्खी बरणी कोमट पाण्यात कालवली आणि डोक्यावर थापली.

पाच मिनिटांत चुरचुरलं. म्हटलं, लागू पडतंय. दहा मिनिटांत डोक्यावर कोणी निखारे ठेवल्यासारखं झालं. म्हटलं, फारच लागू पडतंय! मग एक ओघळ कपाळावरून थेट डोळ्यात उतरला आणि मी ओरडत न्हाणीघराकडे धावलो.

दोन बादल्या पाणी ओतलं. फरशीवर बारीक पांढरे दाणे पडले. इंडिगोच्या झाडाचं बी असावं, असा माझा अंदाज. एवढ्यात एक दाणा ओठाला चिकटला. मी तो चाखला. मिरचीच्या झणक्याने नाक क्षणभर मोकळं झालं.

तीळ. खोबरं. लसूण, मिरची. आणि कढीपत्ता.

शुभाची चटणी. दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधी तिने केली होती. वर्षभर मी ती बरणी शोधत होतो. ओल्या अंगाने मी तसाच पाटावर बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं मिरचीचं किती, हे सांगणं अवघड होतं.

केस नारिंगीच राहिले, शिवाय काथ्यासारखे कोरडे झाले. तीनदा शाम्पू केला. मग थंडीने गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली आणि पातळ झालेलं तेल सढळ हाताने डोक्यात जिरवलं. तेल वास धरून ठेवतं, हे मला कोण सांगणार? माझं नाक पुन्हा बंद झालं होतं.

रविवारी ठाण्याच्या हॉलवर मी काळी टोपी घालून गेलो.

"बाबा, टोपी काढा ना! केस रंगवलेत ना?"

"रंगवलेत."

"मग?"

"रंगवलेत म्हणूनच."

फोटोवाल्याने आम्हाला रांगेत उभं केलं आणि दोन मोठे दिवे लावले. दिव्यांनी टोपी तापली. शेजारी उभे असलेले माझे भावी व्याही खाण्याचे मोठे शौकीन. त्यांनी नाक वर केलं.

"चटणी आहे कुठेतरी! कढीपत्त्याची, लसूण घातलेली!"

"जेवणात चटणी नाहीये, साहेब," केटररचा माणूस म्हणाला.

"नाही कशी? मला येतोय ना वास!"

विहीणबाईंनीही हुंगलं. जावईबापूंनीही. गौरी माझ्याजवळ आली आणि थबकली.

"ही आईची चटणी आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्हाला बरणी सापडली? तुम्ही आज इथे घेऊन आलात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग वाढा की!" व्याह्यांनी हात पुढे केला. "मी नुसती खाईन!"

दुसरा उपायच नव्हता. मी टोपी काढली.

"आणली आहे," मी म्हणालो, "पण वाढता येणार नाही."

नेमका तेव्हाच फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात व्याही पोट धरून वाकलेत, गौरी डोळे पुसत खदखदून हसतेय आणि मध्ये मी, नारिंगी, हातात टोपी. गौरीने तो मोठा करून घरी लावलाय. तिच्या मते मी त्यात अगदी आई असतानासारखा दिसतो: स्वयंपाकघरात नको तिथे हात घालून, आता काय ऐकायला मिळणार याची वाट बघत उभा!