जावयाचा जिताडा

जिताडा जन्मतो खाडीत, पण गोड्या पाण्यातही मजेत वाढतो. खाडीकाठच्या आमच्या पावणे गावात बाबा पावसाळ्यात त्याची बोटभर पिल्लं धरून आणायचे नि खाडीच्या बांधाला लागून असलेल्या आमच्या तलावात सोडायचे. काही वर्षांत मासा मांडीएवढा व्हायचा. तो विकायचा नाही, तो जावयाचा. पहिल्या जेवणाला जावयाच्या ताटात घरचा जिताडा पडला नाही, तर सासऱ्याची इज्जत ती काय राहिली!

माझं लग्न झालं साताऱ्याकडच्या माणसाशी. वाशीत फ्लॅट, बेलापुरात नोकरी. भावकीत लगेच कुजबुज, घाटावरच्याला मासा काय कळणार! बाबा इरेलाच पेटले. "असा जिताडा खिलवीन, जनमभर नाव काढील."

जेवणाच्या आदल्या दिवशी भरतीला त्यांनी उघाडी उचलली, म्हणजे बांधातली पाणी अडवायची फळी. आमच्याकडची जुनी रीतच ती. तलावातल्या माशाला चिखलाचा वास मारतो, खाडीचं खारं पाणी लागलं की जातो.

"अवो, खाडीला कारखान्याचं पानी येतंय, र्‍हाऊ द्या ना," आई म्हणाली.

"उधानाचं पानी हाय. सगला धुवून नेतं."

खाडीवर त्यांचा आईपेक्षा जास्त विश्वास. काय बोलायचं!

सकाळी तलाव पांढरा दिसला. सगळे जिताडे पोट वर करून तरंगत होते, लहान पिल्लंसुद्धा. रॉकेलचा भपकारा सुटला होता. मेल्या कारखान्यांना मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. गुडघाभर पाण्यात उतरून बाबांनी सर्वांत मोठा मासा दोन्ही हातांवर घेतला. "गो, हा तुमचा व्हता," एवढंच म्हणाले. मग मात्र मला रडू आवरेना.

जन्मात कधी जिताडा विकत न घेतलेला माणूस त्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेला.

दुपारी नवरा बोटं चाटत जेवला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! "मामा, घरच्या तलावातल्या माशाची चव काही औरच हो. पुढच्या वर्षी ऑफिसातल्या मित्रांना आणतो."

आई चुलीकडे तोंड करून बसली. बाबांनी आणखी एक तुकडी त्याच्या ताटात वाढली.

"आना की, जावयबापू. तलाव आपलाच हाय."