प्रमिलाताईंची दुपारची गाडी

प्रमिलाताई इंगळे एसटीत चढल्या की रिकामी सीट कधीच शोधत नसत. रिकाम्या सीटा ओलांडून त्या नेमक्या एखाद्या बाईजवळ जात, "सरक वं माय थोडीशी," म्हणत आणि टेकत. मग पिशवीतून फुटाणे काढून तिच्या ओंजळीत घालत आणि तिनं न विचारताच आपलं सगळं सांगून टाकत: कुठं चालल्या, कशाला चालल्या, सकाळी भाजी कोणती केली. मला आधी हे फार चमत्कारिक वाटायचं. संशोधनाला निघालेली ही बाई स्वतःचीच मुलाखत देत सुटायची.

खामगावच्या कॉलेजात आम्ही दोघी समाजशास्त्र शिकवायचो. खेड्यातल्या बायका कुठं जातात, कशा जातात आणि का जातात, हा ताईंचा अभ्यासाचा विषय. मी त्यांची मदतनीस, म्हणजे मुख्यतः फुटाण्यांची वाटेकरी. "आपुन मुक्यानं बसायचं अन् तिलेच बोलतं करायचं, हे काही बरं दिसत नाही," त्या म्हणत.

पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या एका खेड्यातून खामगावला येणारी दुपारची गाडी त्यांची विशेष लाडकी. तिच्यात आम्हाला कौसाबाई भेटल्या. गुडघ्याला पट्टा, चढताना कण्हणं, सगळं यथासांग. खामगावच्या स्टँडवर उतरल्या मात्र, पट्टा पिशवीत गेला आणि बाई तरातरा चालायला लागल्या. बाकावर त्यांची धाकटी बहीण संग्रामपूरहून येऊन बसलेली होती. दोघींनी भाकरीचं फडकं सोडलं, पोटभर बोलल्या, हसल्या, जराशा रडल्याही आणि आपापल्या गाडीनं परत गेल्या. बाजाराच्या दिवशी हे ठरलेलंच असायचं.

"दवाखान्यात जाते म्हनलं की कोनी अडवत नाही," कौसाबाईंनी पुढं कधीतरी सांगितलं. "बहिनीले भेटाले जाते म्हनलं, त म्हन्ते, फोन हाये ना."

त्या गाडीतल्या बऱ्याचजणी अशाच दवाखान्यात निघालेल्या असत. ताईंनी कधी कुणाचं बिंग फोडलं नाही.

पुढं एसटीच्या वरच्या कार्यालयातले एक साहेब त्या गावात बैठक घ्यायला आले. आम्ही दोघीही जाऊन बसलो. बायका दवाखान्यासाठीच जातात, असं त्यांना गावानंच सांगितलेलं. आता गावातच डॉक्टर बसणार, तेव्हा दुपारची गाडी बंद करू, असं त्यांचं म्हणणं. पुरुषांनी माना डोलावल्या. बायका खाली बघत बसल्या. कौसाबाईंचा नवरा पुढच्याच रांगेत होता. ताईंनी खरं काय ते सांगितलं असतं तर गाडी वाचली असती, पण कौसाबाईंच्या घरी काय झालं असतं कोण जाणे.

ताई उठल्या. "साहेब, मी बी या गाडीत बसते. मले कोनता आजार नाही. घरी एकटी असते, म्हनून बायाईशी बोलाले येते. अभ्यास-फभ्यास मंगचा. ही गाडी गेली त मी कोनाशी बोलू?"

शेवटी त्यांचा आवाज कापला. ताई एकट्या राहतात हे मला ठाऊक होतं. त्या इतक्या एकट्या आहेत, हे तिथं कळलं आणि फार वाईट वाटलं.

मागून कौसाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "मी बी बहिनीले भेटाले जाते." नवऱ्यानं वळून पाहिलं. तेवढ्यात दुसरी बोलली, मग तिसरी. साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय पुढं ढकलला. गाडी अजून चालू आहे.

गेल्या वर्षी ताई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कौसाबाई बहिणीला घेऊन आल्या, फोटोपुढं हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"घरी काय सांगून निघालात?" मी हळूच विचारलं.

"खरं तेच. प्रमिलाबाईले भेटाले चालली म्हनलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आमचे हे गाडीपर्यंत सोडाले आले. म्हने, बहीन भेटन तं बस तिच्यापाशी. यायची घाई नोको करू."