घरपट्टीचा बँड

"कार्य कुणाकडे आहे?" वाजवायला उभं राहण्याआधी बँडमास्तर हे विचारत आणि मगच क्लॅरिनेट ओठांना लावत. घरपट्टीच्या वसुलीला आमच्याबरोबर आले, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी थकबाकीदाराचं नाव सांगितलं. त्यांनी टोपी सरळ केली.

त्यांच्या बुधवार पेठेतल्या बँडपुढे तुमच्यापैकी काही जण नक्कीच नाचले असतील. मी मूळचा महापालिकेच्या जकात नाक्यावरचा कारकून. शहरात येणाऱ्या मालावर आम्ही वेशीवरच पैसे घ्यायचो. घरी बसलेल्या माणसाला त्याची झळ कळत नसे. मग जकात गेली. रस्ते, दिवे, पाणी मात्र लोकांना हवंच होतं. तेव्हा सगळ्यांच्या नजरा घरपट्टीकडे वळल्या आणि नाक्यावरचे आम्ही लोकांच्या दारात आलो. नकळत द्यायची सवय असलेले पैसे तोंडावर मागितल्यावर कोण देणार? म्हणून आमच्या साहेबांनी बँडची युक्ती काढली. दारात वाजवलं की लाज वाटेल, असा हिशेब.

पहिल्याच दारात मास्तरांनी एक जुनं भावगीत असं काही वाजवलं, की थकबाकीदार खुर्ची घेऊन गॅलरीत येऊन बसले. शेजाऱ्यांनी आणखी एकाची फर्माईश केली. मास्तरांना चहा मिळाला, आम्हाला "मार्चनंतर या" असं उत्तर. साहेबांनी मला बजावलं, त्यांना जरा बेसूर वाजवायला सांगा. मी सांगितलं.

"ते मला जमणार नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही घ्या हातात."

मग विश्रांतवाडीत एका निवृत्त गृहस्थांच्या बंगल्यासमोर ते थबकले. या घरच्या मुलीच्या लग्नात त्यांनीच वाजवलं होतं. ती निघाली तेव्हा वडील फाटकाशी रडत उभे होते, म्हणून यांनी बँड थांबवून धरला होता. हे मला हळू आवाजात सांगून त्यांनी साथीदारांना कोपऱ्यावरच्या टपरीवर पाठवलं आणि स्वतः आत गेले. मी मागोमाग.

गृहस्थांनी त्यांना लगेच ओळखलं. मुलीची चौकशी झाली. मग गृहस्थांनी माझ्याकडे पाहून रस्त्यातल्या खड्ड्यांपासून तक्रारींना सुरुवात केली. खडकवासला भरलेलं आणि आपला नळ कोरडा, तर पट्टी कशाची द्यायची, असा त्यांचा सवाल होता. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अण्णा, तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मला या दारात वसुलीसाठी वाजवायला लावू नका."

गृहस्थ चेकबुक आणायला उठले.

बँडचा उत्तम परिणाम दिसून आला, असं साहेबांनी अहवालात लिहिलं आणि पुढच्या वर्षी आणखी बँड ठरवले. मास्तरांनी क्लॅरिनेट बिघडल्याचा निरोप पाठवला. त्यानंतर ते आमच्याकडे कधीच आले नाहीत.

तो निरोप आला त्याच आठवड्यात आळंदी रस्त्यावर माझी स्कूटर एका वरातीमागे अडकली. पुढे मास्तरच होते, डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत. नाचणाऱ्यांपैकी एकाने बाजूला होऊन मला वाट करून दिली. मी स्कूटर बंद केली आणि तिथेच उभा राहिलो.