मागच्या भिंतीतलं मडकं

माझ्या सासरी मागच्या भिंतीत एक मडकं आडवं बसवलेलं होतं, घर बांधतानाच. त्याच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक, ते बाहेरच्या अंगाला. तोंड घराच्या आत, त्यावर शेणमातीनं लिंपलेलं झाकण. आत मधमाश्या. आमच्या धावडा गावाच्या बाजूला तेव्हा निजामाचं राज्य होतं, घरात सासूबाईंचं, आणि त्या मडक्यावर तेवढं माझ्या नणंदेचं.

वन्सं लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. बारशाला, डोहाळजेवणाला त्यांना कुणी बोलवायचं नाही. पण गावात लेकरू जन्मलं की त्याला पहिलं बोट मधाचं, आणि मध वन्संकडचाच. बाया दारात येऊन "आक्का, वाटीभर द्या," म्हणायच्या, तेव्हा वन्संचा चेहरा जसा फुलायचा तसा एरवी कधी फुललेला मी पाहिला नाही. गोवरीचा धूर देऊन त्या अर्धी पोळी काढत, अर्धी माश्यांना ठेवत. रोज संध्याकाळी भिंतीला कान लावून आतला आवाज ऐकत. मला हसू यायचं. सोळा वर्षांची होते, हसायला कारण लागत नव्हतं.

लग्नानंतरचा माझा पहिला दसरा काढायचा होता, म्हणजे नवरात्राआधी घर पोतारायचं आणि गोधड्या धुवायच्या. वन्सं पहाटेच गोधड्यांचं गाठोडं घेऊन नदीला गेल्या. भिंती माझ्याकडे. शेतावर निघताना सासूबाई म्हणाल्या, "एक बी भोक ठिवू नको. इच्चू निघतेत भितीतून." मी पडले हुशार सून. पांढऱ्या मातीचा काला घेऊन मागची भिंत उजाडायच्या आत बाहेरून गुळगुळीत करून टाकली. माश्या अजून उठल्या नव्हत्या. मडकं मी घरातूनच पाहिलेलं. त्याचं भोक बाहेर कुठे निघतं हे मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुपारी आत आले तर भिंत मोठ्यानं घुमत होती. आज माश्या भारी खुशीत दिसतात, असं मला वाटलं. भाकरी खाल्ली, भांडी घासायला बसले. ऊन कललं तसा आवाज थांबला आणि झाकणाच्या कडेनं मध गळायला लागला. तेव्हा कळलं. बाहेर पळाले, तुराटीनं भोक मोकळं केलं. चार माश्या खाली पडल्या, मेलेल्याच. मग मी भोकाची कड ओल्या बोटानं सारखी केली, कुणाला काही दिसू नये म्हणून. हे काम मात्र फार नीट केलं.

वन्सं आल्या. भिंतीला कान लावला आणि तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या. झाकण काढलं तर पोळी खाली बसलेली, मधात माश्यांचा काळा लगदा. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हातात आजवर काय टिकलंय?" पोटच्या लेकीला म्हणाल्या. मी चुलीला फुंकर घालत होते. बोलले तर माहेरी धाडतील, अशी भीती वाटली. खरं तर शिव्या खाव्या लागल्या असत्या, एवढंच.

आपलं काय चुकलं ते विचारायला वन्सं अनवाणी पिंपळगावच्या रेणुकाईला जाऊन आल्या. देवी काय सांगणार? सांगणारी घरात ज्वारी निवडत बसली होती. वन्संनी मडकं स्वच्छ करून आतून मेण चोळलं, पण माश्या पुन्हा आल्या नाहीत. दोघी-तिघी बाया मध मागायला येऊन रिकाम्या हातानं गेल्या. मग येणंच थांबलं. पुढे पाणवठ्यावर बाया म्हणायला लागल्या की त्या हातचं लेकराला न दिलेलंच बरं.

दोन वर्षांनी माहेरी माझा मुलगा झाला. त्याला घेऊन आले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. मी त्याला पुढे केलं, "घ्या की वन्सं." त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागे सरकल्या.

"नगं गं. माझ्या हाताला जित्ता जीव टिकत न्हाई. तुला तर ठावंच हाये."

मी होकाराची मान हलवली आणि लेकरू पुन्हा छातीशी घेतलं.