घराला एक हात

आमची वस्ती गावापासून तुटलेली, मधे ओढा. कागदोपत्री मात्र आम्ही गावाचेच. पुलासाठी आलेला पैसा दरवेळी गावातल्याच रस्त्यात जिरायचा. मागच्या पावसाळ्यात माझी बायको अडली, ओढ्याला पूर, आणि बाळ अलीकडच्या काठावरच गेलं. तेव्हा माझे वडील पेटले. वस्तीची ग्रामपंचायत वेगळी झाली पाहिजे, मग पूल आपला आपण बांधू!

वर्षभर त्यांनी पाटोद्याला तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. नव्या पंचायतीचे नियमसुद्धा लिहून घेतले. ते सांगायचे, मी वहीत उतरवायचो. अंबाजोगाईला शिकलेला वस्तीत मी एकटाच शहाणा ना! पहिला नियम आमच्या धनगरांच्या बैठकीतला : घराला एक हात. थोरल्यानं वर केला की सगळ्या घराचा झाला. त्याच्याबरोबर आपलाही उचलणं म्हणजे त्याचा अपमान. मी म्हणालो, "आबा, ज्याचं त्याचं मत वेगळं धरू."

"गप लिही. लई शिकलास." लिहिलं.

ग्रामसभेला मेंढरं कोंडून अख्खी वस्ती गेली. ग्रामसेवकानं वेगळ्या पंचायतीचा ठराव वाचला, बाजूचे हात वर करायला सांगितले. आमच्या म्हाताऱ्यांचे हात वर गेले. आम्ही बाकीचे त्यांच्यामागं अदबीनं बसलेलो, हात मांडीवर. इथं डोकी मोजतात, घरं नाहीत, हे मला धडधडीत ठाऊक होतं. ओरडून सांगावंसं वाटलं. पण पुढं आबांचा हात ताठ उभा होता. नाही झाली हिंमत. आग लागो माझ्या शिक्षणाला!

मग विरोधातले हात. गावानं लेकीसुनांसकट वर केले. मोजायचीही गरज पडली नाही, ठराव पडला.

वाटेनं आबा एकच घोकत होते, "समद्यांनी हात वर केलता की रं. मग पडलो कसं?" त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. माझीही नाही.

घरी बायको चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बायकांतून मी तुमच्या हाताकडं बघत हुते. तुमी उचलला असता तर मी बी उचलला असता. कावून न्हाई उचलला?"

तिला पुन्हा दिवस गेलेत. श्रावणात बाळंत होईल. ओढ्याला तेव्हा छातीभर पाणी असतं.