घराला एक नोकरी

तुळजापूरच्या एसटी स्टँडसमोर पवनचक्कीच्या कंपनीच्या बोर्डावर माझा फोटो लागला होता. डोक्यावर पांढरं हेल्मेट, अंगावर चढायचे पट्टे, मागं पवनचक्कीचा खांब आणि मी हसतेय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘आमच्या लेकी, आमचा अभिमान’. कुणाच्या लेकी? ह्यांच्या? माझा बाप तेव्हा ह्यांच्याच गेटवर गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता आणि लेक घरात भाकरी थापत होती. तो फोटो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या माळावर पवनचक्क्या आल्या तिथून हे सुरू झालं. गावात त्यांना पंखेच म्हणतात. पंख्याचं एकेक पातं एवढं लांब की ते आणणारी गाडी गावाबाहेरच्या वळणावर वळेना. त्या वळणाला आमचं वावर. मग कंपनीचे साहेब लोक आले, देवळात बैठक झाली. एकजण उभा राहून म्हणाला, "ज्याची जमीन रस्त्यात जाईल, त्याच्या घरातल्या एकाला आम्ही फुकट शिकवू आणि शिकवून झालं की नोकरी देऊ. सरकारला जमत नाही ते आम्ही करून दाखवू." लोकांनी माना डोलावल्या.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या शब्दावर तयार झाले. मला भाऊ नाही. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालेली, वर्गात एकटी मुलगी. "पोरगी पुण्याला जायची न्हाय, इथंच माळावर कामाला लागंल," असं सगळ्यांना सांगत आप्पांनी वावराचा कोपरा देऊन टाकला. विहिरीजवळची सगळ्यात चांगली माती त्या कोपऱ्यातच होती. आता तिच्यावरून ट्रक जातात.

शिकवलं मात्र खरं. खोटं कशाला बोलू? आमचे मास्तर तमिळनाडूचे, मोडकंतोडकं हिंदी बोलायचे, पण माणूस कामातला. पट्टा कसा बांधायचा, बोल्ट किती आवळायचा, ग्रीस कुठं भरायचं, पंखा बंद पडला तर आधी काय तपासायचं, सगळं हातानं करून घेतलं. पहिल्यांदा खांबाच्या आतल्या शिडीनं वर निघाले तेव्हा निम्म्यातच मी खाली बघितलं. मास्तर खालून ओरडले, "रुको मत!" थांबले नाही. वर पोचून झाकण उघडलं आणि वारं असं तोंडावर आलं की मी मोठ्यानं हसले. आयुष्यात एवढी खूश मी कधी झाले नव्हते. खाली उतरल्यावर कुणीतरी फोटो काढला. तोच हा फोटो.

ट्रेनिंग संपलं. बाहेरून मुलं आली, वर चढायला लागली. आमच्या बॅचच्या पोरांना वॉचमन केलं, कुणाला ह्या खांबाखाली, कुणाला त्या. मला बोलावणंच नाही. शेवटी मीच ऑफिसात गेले. समोर माझ्याच वयाचा एक साहेब, मोबाइलवरून नजर काढायला तयार नाही.

"मॅडम, रात्री-अपरात्री मशीन बंद पडतं. मुलीची जबाबदारी कोण घेणार?"

"मग शिकवलंत कशाला?"

"स्किल तर मिळालं ना तुम्हाला? ते काय कुणी काढून घेणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "वावर दिलंय आम्ही. नोकरीचा शब्द दिला होता तुम्ही."

"शब्द पाळतोय की. घराला एक नोकरी. तुमच्या वडिलांना वॉचमन म्हणून घेतो. तुम्हाला वाटलं तर ऑफिसात चहा-पाण्याला या, ठेकेदाराकडून बघू."

चहा-पाण्याला! बोल्ट आवळायला शिकवून हे मला कपबशा विसळायला बोलावत होते. मी उठून आले. दार एवढ्या जोरात आपटलं की बाहेरचा शिपाई दचकला.

आणि आप्पा? आप्पांना आनंद झाला. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. निळा ड्रेस, टोपी, शिट्टी, महिन्याच्या महिन्याला पगार. आई म्हणाली, "तू का फणफणतीस? घरात पैसा येतोय न्हव?" गावात लोक चेष्टा करायचे, "काय आप्पा, पंखा उडून जाईल म्हून धरून बसताव व्हय?" आप्पा हसायचे. पण गाडी आली की त्या पोरसवदा साहेबाला ते ताडकन उठून सलाम ठोकायचे. एकदा त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा मी ते बघितलं. त्यानंतर डबा आईच नेऊ लागली.

घरात मी तोंड उघडलं की आई गप्प करायची. "तुझ्या बोलण्यापायी आप्पाचं काम गेलं तर?" हे एक नवंच होतं. नोकरी दिली बापाला आणि कुलूप लागलं लेकीच्या तोंडाला. पाच-सहा महिने मी दात-ओठ खात गप्प बसले.

मग एक दिवस कंपनीतून फोन आला. मुलींची नवी बॅच सुरू होतेय, उद्घाटनाला या, यशोगाथा म्हणून दोन शब्द बोला. मी फोनवरच हसायला लागले. आई म्हणाली, "जा, दोन शब्द बोल अन् ये. तुझ्या जिभेला हाड न्हाय, तेवढी संभाळ." आप्पा टोपी झटकून कामावर गेले.

गेटच्या आत मांडव घातला होता. समई, हारतुरे, पांढऱ्या कापडातल्या खुर्च्या. वरचे मोठे साहेब दिल्लीकडचे. मला पुन्हा हेल्मेट घालायला लावलं. गप्प राहायचं ठरवूनच मी गेले होते, आईची शपथ. पण मुलींच्या रांगेतली एक माझ्याजवळ सरकली. लोहाऱ्याकडची होती. हळूच म्हणाली, "ताई, तुमचा फोटो बघून आले मी. तुळजापुरात लॉजवर कामाला होते, मालकीण सोडत नव्हती, भांडून आले. तुम्हाला इथं लागून किती दिवस झाले ओ?"

तिचं काम सुटलं होतं. माझ्या हसण्यावर विश्वास ठेवून. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

मी माइक घेतला. "मी इथं नोकरीला नाही," म्हणाले. "एक दिवससुद्धा नव्हते. शिकवलं ह्यांनी, चांगलं शिकवलं. पण चढायला बाहेरची माणसं आणली. आमचं वावर ह्यांच्या रस्त्यात गेलंय. माझे वडील त्या गेटवर वॉचमन आहेत. विश्वास बसत नसेल तर जाताना त्यांना विचारा, वर कोण चढतं. बोर्डावरचा फोटो माझा आहे, खाली लिहिलंय ते माझं नाही."

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि मोठे साहेब? टाळ्या! अहो, त्यांना मराठी कुठलं कळायला? शेजारी बसलेल्या, वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, साहेब खूश झाले, उठून मला शाल घातली, नारळ दिला. "वेरी गुड, बेटी." कपाळ माझं! मनात आलं, तोच नारळ घालावा डोक्यात.

गेटवर आप्पा होते. भोंग्यावर त्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला होता. माझ्याकडं न बघता त्यांनी गेट उघडलं. "घरी जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि लगेच परत आले. ड्रेस काढून घेतला होता, बनियनवर होते. आई रडायला लागली. मी विचारलं, "काय म्हणाला ठेकेदार?"

आप्पा खाली बसले. "म्हणला, घराला एकच नोकरी असती. ती तुमच्या पोरीला लागलेली हाय. काल स्टेजवर सत्कार झाला की तिचा."

क्षणभर मला कळेचना की ओरडावं का हसावं. मी विचारलं तर नोकरी बापाला दिली. बापानं विचारलं तर लेकीला दिली. आणि वावर? ते तर ह्यांच्याकडंच.

मी पायात ट्रेनिंगचे बूट घातले. आई आडवी आली. आप्पा म्हणाले, "जाऊ दे तिला." मग स्वतःही सदरा घालून मागं आले.

गेटवर नवा वॉचमन होता, बाजूला ठेकेदार गाडीवर बसलेला. मी म्हणाले, "उघडा गेट. मी ड्युटीवर आलेय."

"कसली ड्युटी?"

"तुम्हीच म्हणालात ना, नोकरी मला लागलीय? मग घ्या आत. कुठल्या पंख्यावर चढू सांगा."

ठेकेदार आधी हसला. आप्पाही माझ्याशेजारी उभे राहिलेले बघून त्याचं हसणं थांबलं. गेट काही उघडलं नाही. मग मी तिथंच दगडावर बसले. तेव्हापासून रोज सकाळी ड्युटीच्या टायमाला जाऊन बसते. साहेबाची गाडी आली तरी मी उठत नाही, सलाम तर लांबच.

चार दिवसांनी नव्या बॅचची जीप आली. सगळ्या मुली आत गेल्या, पण ती लॉजवाली पोरगी मागं राहिली. डोळे भरलेले. "ताई, मी आता काय करू? परत जाऊ का?"

"परत कुठं जातीस?" मी चिडूनच म्हणाले. "आत जा. मास्तर चांगले आहेत. बोल्ट न् बोल्ट शिकून घे, काही सोडू नको. आणि शिकून झालं की बाहेर ये आणि इथं माझ्याशेजारी बस."