अकराव्या ढिगावरची फुली

नोला येन्शला पाखरांचं वेड नव्हतं. वेड होतं तिच्या नवऱ्याला, एर्विनला, आणि आमच्याकडे लग्न केलं की नवऱ्याचं वेड बायकोला फुकटात मिळतं. एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात ती त्याच्यामागून मॅलीच्या रानात फिरली. हातात पाखरांच्या मोजणीचा फॉर्म, खांद्याला पाण्याची बाटली आणि तोंडावर माश्या.

रान म्हणजे त्यांच्या गव्हाच्या शेतामागचा, कधीच न तोडलेला दोनशे एकरांचा तुकडा. मॅलीची निलगिरी घराच्या छपराहून फारशी वर जात नाही. एकाच गड्ड्यातून आठ-दहा खोडं फुटतात आणि प्रत्येक आपल्या मर्जीने वाकतं. एर्विनच्या बापाने ते रान काढायला तीनदा यंत्र आणलं, तिन्ही वेळा यंत्र मोडलं. पुढे शेत एर्विनकडे आलं आणि त्याने यंत्र आणलंच नाही. गावाने त्याला आळशी ठरवलं.

त्या रानात मॅलीकोंबडी नावाच्या रानपाखराचे अकरा ढीग होते. या कोंबडीच्या संसाराची रीत मात्र नोलाला मनापासून पटायची. नर वाळूचा आणि पाचोळ्याचा मोटारीएवढा ढीग रचतो, त्यात चोच खुपसून ऊब जोखतो, ऊन तापलं की वाळू चढवतो, गारठा आला की उपसतो. वर्षातले नऊ-दहा महिने त्याचं हेच चाललेलं. मादी येते, त्यात अंडं घालते आणि निघून जाते. पिल्लू स्वतःच वाळूतून वर येतं आणि आईबापांना न भेटता चालायला लागतं.

“या बाईला अक्कल आहे,” नोला म्हणायची.

ज्या ढिगावर काम दिसत नाही त्यावर दोन काड्यांची फुली ठेवायची, ही मोजणी करणाऱ्यांची पद्धत. पाखराने ढीग पुन्हा मनावर घेतला की पहिल्याच लाथेला फुली उडते. पुढच्या खेपेला फुली जागेवर दिसली, तर फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं. गेली सहा वर्षं नोलाने फक्त ‘नाही’ लिहिलं होतं.

“पाखरू आहे तोवर मी इथून हलणार नाही,” असं एर्विन कधीतरी रागाच्या भरात बोलून गेला होता. पाखरं गेली तरी तो हलला नाही. दर वर्षी “अजून एक साल बघू.” दरम्यान गावातलं दुकान बंद झालं, मग चर्च बंद झालं, मग नोलाची मैत्रीण डोरीन मुलाकडे राहायला गेली. चार वर्षं नोला एर्विनशिवाय कुणाशी धड बोलली नव्हती, आणि एर्विन मुख्यतः पावसावर बोलायचा. मिल्ड्युराला मुलीच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. त्याच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत लागून होती. नोलाला ती भिंत फार आवडली होती.

शेत घ्यायला बांधापलीकडचा ग्रॅहॅम तयार होता. रानाला हात लावणार नाही, असंही त्याने लिहून दिलं होतं. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडले होते. यंदा अकराच्या अकरा ढीग रिकामे निघाले तर सही करीन, असा एर्विनने शब्द दिला होता.

यंदा त्याच्या कमरेने दगा दिला. म्हणून तो रानाच्या तोंडाशी गाडीत वॉकीटॉकी घेऊन बसला आणि नोला एकटी आत गेली.

“पाच?”

“फुली आहे.”

“नीट बघ.”

“दोन काड्या आहेत, एर्विन. नीट बघण्यासारखं त्यात काय असतं?”

दहापर्यंत असंच झालं. अकराव्या ढिगाशी ती आली आणि थांबली. फुली नव्हती. ताजी लाल वाळू उपसलेली होती आणि नर तिच्याकडे पाठ करून मागे वाळू उडवत होता. त्याने मान वळवून तिला पाहिलं, घटकाभर विचार केला आणि पुन्हा कामाला लागला. नोलाला खरंच आनंद झाला. मग तिला मिल्ड्युरा आठवलं.

“अकरा?” वॉकीटॉकी म्हणाला. त्या आवाजाने पाखरू झुडपात शिरलं.

फुली नसताना ‘फुली आहे’ म्हणायला नोलाची जीभ वळेना. तिने दोन काड्या उचलल्या आणि ढिगावर नीट आडव्या-उभ्या ठेवल्या.

“फुली आहे,” ती म्हणाली आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं.

“बरं,” एर्विन म्हणाला.

ती गाडीशी आली, थर्मासमधला चहा ओतला. एर्विनने तो संपवला, काठी घेतली आणि दार उघडलं.

“कुठे?”

“अकराला. सगळ्यात पहिला तोच सापडला होता. निरोप घेऊन येतो.”

“कमरेचं काय?”

“तिलाही नेतो.”

“वाटेत साप असेल.”

“त्याचाही घेतो निरोप.”

एरवी पाच मिनिटांची वाट. त्यांना वीस मिनिटं लागली. नोला मागून चालत होती. खरं काय ते दोनदा तिच्या ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा एर्विनने नेमकं पावसाबद्दल काहीतरी काढलं.

पाखरू परत आलं होतं. ढिगावर उभं राहून ते लाथा झाडत होतं. एक काडी पायथ्याशी पडली होती, दुसरी कुठे गेली देव जाणे.

एर्विनने हॅट काढली. त्याचे डोळे भरून आले. नोला फॉर्मकडे बघत राहिली.

“फुली होती म्हणालीस,” तो म्हणाला.

“होती.”

“कुणी ठेवलेली?”

“मी.”

“आज?”

“आज.”

पाखराने चोच वाळूत खुपसली, बाहेर काढली आणि उपसणं चालू ठेवलं.

“वादळात टाकी उडाली त्या साली मी एक ढीग वाढवून सांगितला होता,” एर्विन म्हणाला. “तू तो खोडलास. वर आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस.”

“चार दिवस.”

“चार दिवस. एकतीस वर्षांत तू एक आकडा खोटा लिहिला नाहीस. आणि आज लिहिलास.”

“चिडलायस?”

“तुला एवढं जायचं होतं, नोला?” तो म्हणाला. “मला वाटायचं, तू नुसती म्हणतेस.”

तेव्हा नोला वाळूत बसली आणि रडली. तिला लाज वाटत होती, आणि इतक्या वर्षांनी कुणाला तरी कळलं म्हणून बरंही वाटत होतं. मग तिने नाक पुसलं, फॉर्मवरचं ‘नाही’ खोडलं, ‘आहे’ लिहिलं, पुढे वेळ टाकली.

“झालं,” ती म्हणाली. “आता पाखरू आहे. सही नाही. शब्द म्हणजे शब्द.”

“त्याचं बरं चाललंय,” एर्विन तिला उठायला हात देत म्हणाला. “तुझं नाही. चल, सही करू.”